नावानिशी निरोप

एर्सिरा चिगुआयबद्दल आमच्या गावात दोन प्रकारे बोललं जातं, आणि दोन्ही प्रकारे बोलणाऱ्यांना मी कधी ना कधी झापलेलं आहे. काही म्हणतात, तिने बहिणीचं घर तेवढं वाचवलं. काही म्हणतात, तिने सगळ्या बेटांना शहाणं केलं. पहिले दुष्ट आहेत आणि दुसरे आळशी. ती माझ्या डोळ्यांदेखत अडकली, आणि अडकलेल्या माणसाकडे नीट बघायला या दोघांनाही सवड नव्हती.

मी बाल्दोमेरो. पुएर्तो अल्कायच्या रेडिओवर यंत्राची बटणं सांभाळतो. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे बोलणारा. अकरा वर्षं काचेपलीकडे एर्सिरा बसायची, दुपारी एक वाजता, निरोपांना.

त्या काळी बेटांवर फोन नव्हते, आणि जिथे होते तिथे चालत नव्हते. गावात कामाला आलेला माणूस रेडिओवर यायचा आणि चिठ्ठी लिहून द्यायचा: कोणाकडून, कोणाला, काय. ती एक वाजता वाचली जायची आणि बेटावरच्या स्वयंपाकघरात माणूस चमचा हातात धरून ऐकायचा. 'पत्नी ओल्गाकडून: मुलगी झाली, मंगळवारच्या बोटीने येते, घोडा घेऊन धक्क्यावर थांब.' बातम्या कोणी ऐकत नसे. निरोप चुकवत नसे.

एर्सिरा बुटकी, रुंद खांद्यांची, स्वतः विणलेला तोच एक करडा स्वेटर घालणारी बाई. लग्न केलं नाही. आई जाईपर्यंत तिचं केलं, मग विचारणारं कोणी उरलं नाही. बहीण ब्रिहिदा तेनकुए बेटावर, चार मुलांची आई. एर्सिराची एक खोड होती. चिठ्ठी हातात आली की ती लिहिणाऱ्याला सोडायची नाही.

"'आईला बरं नाही.' हे काय लिहिलंयस?"

"बरं नाही म्हणून लिहिलं, सेन्योरा."

"अरे पण तुझ्या भावाने हे ऐकून करायचं काय? आजच्या आज निघायचं, की बटाटे काढून झाल्यावर आलं तरी चालेल? त्याला तुझं तोंड दिसत नाहीये तिकडे."

माणूस डोकं खाजवायचा आणि मग खरं काय ते सांगायचा. रांग खोळंबायची. मी काचेवर टकटक करायचो. तिला फरक पडायचा नाही.

मग धक्क्याजवळ सरकारने समुद्राची प्रयोगशाळा काढली, आणि टायपिंग येणारी बाई हवी म्हणून एर्सिरा तिकडे गेली. पेन्शनची नोकरी, मीही गेलो असतो. निरोप आमचे मालक डॉन नोल्बेर्तो स्वतः वाचू लागले. आवाज भरदार, पण चिठ्ठीत जे असेल ते वाचून मोकळे.

प्रयोगशाळेचं काम लाल भरतीचं. नाव लाल, पण पाणी बहुतेक वेळा नेहमीसारखंच दिसतं, हीच तिची लबाडी. समुद्रातलं विष शिणाणे, तिसऱ्या अशा शिंपल्यांत साठतं. शिंपल्यांना काही होत नाही, खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात, मग बोटं, मग श्वास. उकळून जात नाही, लिंबाने जात नाही, लसणाने तर नाहीच. प्रयोगशाळेत शिंपल्यांचा अर्क उंदराला टोचायचे आणि तो किती मिनिटांत मरतो ते घड्याळ लावून बघायचे.

तिथले डॉक्टर रावानाल राजधानीचे. हुशार माणूस, पण चहा हवा का विचारलं तर 'सध्या तरी नको असं म्हणायला हरकत नसावी' म्हणणारा. त्यांनी पहिल्याच वर्षी डॉन नोल्बेर्तोंना मुलाखत दिली. अर्धा तास बोलले. दक्षिणेकडच्या दोन खाड्यांत विष आहे, बाकी ठिकाणचं अजून तपासलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. डॉन नोल्बेर्तोंनी संध्याकाळी जाहीर केलं, 'समुद्र विषारी! शास्त्रज्ञांचा इशारा!' दुसऱ्या दिवसापासून साधा मासासुद्धा कोणी घेईना. कोळ्यांनी सडलेल्या माशांच्या पाट्या प्रयोगशाळेच्या दारात आणून ओतल्या. आठवडाभर डॉक्टर मागच्या खिडकीतून ये-जा करत होते. त्यांनी शपथ घेतली की पुन्हा रेडिओवाल्याच्या तोंडी लागणार नाही.

डॉन नोल्बेर्तोंनीही शपथ घेतली. कारण पुढच्या खेपेला डॉक्टरांनी लेखी पत्रक पाठवलं आणि यांनी ते काना-मात्रा न बदलता वाचलं: 'सद्यःस्थितीत उपलब्ध निष्कर्षांच्या आधारे जोखमीची शक्यता नाकारता येत नाही.' दुपारी बाजारात एका मासेवालीने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "म्हणजे खायचं का नाही खायचं, डॉन नोल्बेर्तो?" बाजार हसला. आमच्या मालकांना विष चाललं असतं, हसणं चाललं नाही.

मग दोघांमधलं सगळं येणं-जाणं एर्सिरावर आलं. प्रयोगशाळा खाली धक्क्यावर, रेडिओ वर टेकडीवर, आणि मध्ये एकशे बारा पायऱ्या. ती कागद घेऊन चढायची, प्रश्न घेऊन उतरायची. वर म्हणायचे, "तुझ्या डॉक्टरला सांग, माणसासारखं लिही." खाली म्हणायचे, "त्या गृहस्थांना सांगा, मी जे लिहिलं नाही ते वाचू नका." ती दोघांचं ऐकून घ्यायची आणि मधल्या पायरीवर बसून पत्रक साधं करून लिहायची. डॉक्टर 'हे अगदीच असं नाही' म्हणत कुरकुरत सही करायचे. डॉन नोल्बेर्तो 'जरा तरी जोर हवा होता' म्हणत वाचायचे. तीन वर्षं हे बरं चाललं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते सुधारणा करायला गेल्यामुळे झालं.

सरकारच्या लक्षात आलं की शास्त्रज्ञ आणि पत्रकार यांच्यात संवाद नाही. राजधानीहून एक बाई आल्या आणि त्यांनी शाळेच्या सभागृहात दोन दिवसांचं शिबिर घेतलं. सगळ्यांना रंगीत कागद दिले. शास्त्रज्ञांनी पिवळ्या कागदावर पत्रकारांबद्दलची भीती लिहायची, पत्रकारांनी निळ्यावर. मग दोऱ्याचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा. डॉक्टर रावानालांनी तो डॉन नोल्बेर्तोंकडे असा फेकला की त्यांचा चष्मा पडला. एर्सिराला कोणत्या रंगाचा कागद द्यायचा ते त्या बाईंना कळेना, म्हणून तिला चहाचं बघायला सांगितलं.

शिबिरातून एक नियम निघाला. यापुढे प्रयोगशाळेतल्या कोणीही रेडिओशी परस्पर बोलायचं नाही. चाचणी दोनदा झाली पाहिजे, निकाल विभागाच्या मुख्य शहरात फॅक्सने जाईल, तिथला अधिकृत प्रवक्ता सही-शिक्का करील, तो कागद रेडिओला येईल, आणि रेडिओ तोच वाचील. शिक्क्याशिवाय वाचलं तर रेडिओचा परवाना जाईल. परस्पर बोलला तर त्या माणसाची नोकरी जाईल. सगळ्यांनी सह्या केल्या. एर्सिरानेही केली.

"आता पायऱ्या नाहीत चढायच्या," मी तिला म्हटलं. "गुडघे सुटले तुझे."

"हो ना," ती म्हणाली. पण आनंद झालेल्या माणसासारखं म्हणाली नाही.

एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी सकाळी तेनकुएच्या तिसऱ्यांचा अर्क दोन उंदरांना टोचला. एक सहा मिनिटांत गेला, दुसरा पाच. रविवारी तेनकुएची जत्रा होती. जत्रेला प्रत्येक घरी खड्ड्यात तापल्या दगडांवर कुरान्तो शिजतो, आणि त्यात तिसऱ्या लागतात टोपल्या भरभरून. त्या शनिवारी सकाळच्या मोठ्या ओहोटीला काढतात. वारा असा सुटला होता की बंदर बंद. बेटावरचा एकमेव फोन जानेवारीपासून मुका. बेटापर्यंत फक्त रेडिओ पोचू शकत होता, आणि दुपारचा एक वाजायला तीन तास होते. उद्या दुपारी एक वाजता तिसऱ्या टोपल्यांत असणार होत्या.

डॉक्टरांनी फॅक्स केला. विभागातून उत्तर आलं की प्रवक्ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर आहेत, सोमवारी बदली माणूस नेमू. डॉक्टरांनी फोन केले. अकरा फोन, एर्सिराने मोजले. प्रत्येक वेळी तेच. शिवाय त्यांनी दुसरी चाचणी मागितली, आणि प्रयोगशाळेत उंदीर संपले होते. नवे उंदीर बोटीने यायचे, आणि बंदर बंद.

"डॉक्टर, मी वर जाऊन सांगते," एर्सिरा म्हणाली.

"नाही, सेन्योरा. तुम्ही सही केलीये. मी केलीये."

"सहा मिनिटं, डॉक्टर."

"एका नमुन्यात! एका नमुन्यावर मी जत्रा बंद केली आणि दुसरा चांगला निघाला, तर पुढच्या वेळी माझं ऐकणार कोण?"

"आणि वाईट निघाला तर? ऐकायला उरणार कोण?"

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. हे सगळं मला तिने नंतर सांगितलं. मी त्यांना भित्रा म्हणत असे; आता म्हणत नाही. पण तेव्हा ते बाराव्यांदा फोन फिरवायला बसले, हेही खरं.

ती एकशे बारा पायऱ्या चढून आली तेव्हा पाऊण वाजला होता. धापा टाकत होती. डॉन नोल्बेर्तो निरोपांच्या चिठ्ठ्या लावत होते.

"तेनकुएच्या तिसऱ्या," ती म्हणाली.

"कागद आणलायस?"

"कागद सहीला अडकलाय."

"मग मीही अडकलोय. तुला माहीत आहे, परवाना गेला तर सगळ्याच बेटांचे निरोप गेले. त्याचं काय?"

"डॉन नोल्बेर्तो, मी काय सांगतेय ते कळतंय ना तुम्हाला?"

"मला काहीही कळत नाहीये, एर्सिरा," ते अगदी हळू म्हणाले. "कळलं तर मला बातमी द्यावी लागेल."

मी काचेअलीकडे होतो, पण दार उघडं होतं. मीही काही बोललो नाही. मालकापुढे मी सहसा बोलत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. ते पुरेसं नाही हे मला ठाऊक आहे.

एर्सिरा बाकावर बसली. मग उठली आणि निरोपाची कोरी चिठ्ठी ओढली. अकरा वर्षं लोकांकडून जी चिठ्ठी ती नीट करून घ्यायची, तीच पहिल्यांदा स्वतःसाठी लिहिली. 'तेनकुएच्या ब्रिहिदा चिगुआय यांना, बहीण एर्सिराकडून: उद्या ओहोटीला तिसऱ्या काढू नकोस. कोणी दिल्या तरी खाऊ नकोस, मुलांना देऊ नकोस. उकळून, लिंबू पिळून चालणार नाही. सगळ्यांना सांग.'

डॉन नोल्बेर्तोंनी ती दोनदा वाचली. खासगी निरोप नाकारायचा नाही, हा रेडिओचा त्या शिबिराहून जुना नियम. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि शेवटची ओळ खोडली.

"ती का?" एर्सिराने विचारलं.

"'सगळ्यांना' लिहिलं की तो निरोप राहत नाही, जाहीर सूचना होते. बहिणीने बहिणीला काहीही सांगावं. ते मी वाचीन, छातीठोकपणे वाचीन. पण हे नाही."

"ब्रिहिदाने सांगितलं नाही तर?"

"न सांगायला काय झालं? आणि एक वाजता अख्खं बेट कान लावून बसलेलं असतं. सगळे ऐकणारच की!"

घड्याळात एकला तीन मिनिटं होती. एर्सिराने खोडलेल्या ओळीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग काचेतून माझ्याकडे. मी मान खाली घातली. "वाचा," ती म्हणाली.

त्यांनी वाचला. छातीठोकपणेच वाचला.

शनिवारी ओहोटीला अख्खं तेनकुए किनाऱ्यावर उतरलं. ब्रिहिदाचं घर सोडून. रविवारी कुरान्तो झाला. दालमिरो गिनेओ, ब्रिहिदाचा शेजारी, अकॉर्डियन वाजवणारा, सगळ्यांना आग्रह करकरून वाढणारा माणूस, दुपारी जेवला आणि दिवस मावळायच्या आत गेला. आणखी चौघे पडले, ते वाचले. दालमिरोची बायको फिदेलिया तिसऱ्या खात नसे, तिला लहानपणापासून सोसायच्या नाहीत. सोमवारी वारा पडल्यावर पहिल्या बोटीने बातमी आली, आणि त्याच बोटीच्या परतीच्या फेरीआधी सही-शिक्क्याचा फॅक्सही आला.

आता तुम्ही विचाराल, निरोप सगळ्यांनी ऐकला नव्हता का? चौकशीला आलेल्या साहेबांनीही हेच विचारलं. बेटावर घरोघर फिरले. "नाही बुवा, आम्ही काही ऐकलं नाही," प्रत्येक घर म्हणालं. साहेबांनी लिहून घेतलं की शुक्रवारी तेनकुएवर रेडिओ पोचला नव्हता.

साहेब राजधानीचे. आमच्याकडे एक वाजता सगळे सगळ्यांचे निरोप ऐकतात, आणि ज्याच्या नावाचा निरोप नाही तो, ऐकला असं कधी दाखवत नाही. कोणाची मुलगी पळाली, कोणाचा नवरा दवाखान्यात आहे, कोणाची जमीन विकायची चालली आहे, सगळं भिंतीवरच्या रेडिओतून प्रत्येक घरात येतं. त्यात राहायचं तर एवढी रीत पाळावी लागते. दुसऱ्याच्या निरोपावरून तुम्ही वागलात, तर दुसऱ्याच्या घरात डोकावलात. घोड्याचा निरोप ऐकून शेजाऱ्याने घोडा धक्क्यावर नेला म्हणून दोन घरं सात वर्षं बोलत नव्हती, हे मी पाहिलेलं आहे. एर्सिराने बहिणीला सांगितलं होतं. ते बहिणीचं होतं.

आणि ब्रिहिदा? तिने मुलांना तिसऱ्यांना हात लावू दिला नाही. पण शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन, साडेबाराच्या बातम्यांत अवाक्षर नसताना, 'तुमच्या जत्रेचं जेवण विषारी आहे' म्हणायचं कशाच्या जोरावर? "मला वाटलं, तुझी नेहमीची काळजी," ती नंतर एर्सिराला म्हणाली. "खरं असतं तर तू सगळ्यांना सांगायला सांगितलं नसतंस का?"

एर्सिराने हे मला सांगितलं तेव्हा आम्ही तिच्या स्वयंपाकघरात नळीने माते, आमचा कडू चहा, पीत होतो. तिने नळी तोंडातून काढली आणि पेला बाजूला ठेवला. मला तिच्याकडे बघवेना. रीत काही ती विसरली नव्हती. अकरा वर्षं तिने निरोप वाचले होते. त्या शुक्रवारी रेडिओवर होतो त्या आम्हा तिघांत ती रीत सगळ्यात जास्त तिलाच माहीत होती. आणि घड्याळात एकला तीन मिनिटं होती म्हणून ती 'वाचा' म्हणाली होती.

चौकशीत प्रत्येकाचा कागद बरोबर निघाला. डॉक्टरांचा फॅक्स वेळेवर. डॉन नोल्बेर्तोंनी शिक्क्याशिवाय काही वाचलेलं नाही. प्रवक्त्यांची रजा मंजूर. एर्सिराने फक्त आपल्या बहिणीला निरोप दिला, त्यावर साहेबांनी 'कौटुंबिक' असा शेरा मारला. खोडलेल्या ओळीची चिठ्ठी माझ्या खणात होती. मी ती काढून दाखवायला निघालो, तर एर्सिरानेच अडवलं.

"त्याने काय होईल, बाल्दो?"

"तुझ्यावरचा आळ जाईल."

"आणि रेडिओ जाईल. मग कुठे सांगायचं पुढच्या वेळी?"

मी चिडलो. म्हटलं, "तू मूर्ख आहेस." ती म्हणाली, "असेन." तेव्हापासून बाजारात तिच्या मागे बायका कुजबुजायच्या, 'आपलं तेवढं बघितलं हिने.' ती वजन करून भाजी घ्यायची आणि सरळ चालत घरी जायची. प्रयोगशाळा सोडून जाता येईना, कारण मग तिथे कोण? तेनकुएला जाता येईना, कारण तिथे फिदेलिया. सहा महिने ती बाई धक्का, पायऱ्या आणि स्वयंपाकघर एवढ्यातच फिरत राहिली.

नोव्हेंबरात पुन्हा तेनकुएचा उंदीर गेला. चार मिनिटांत. प्रवक्ते या वेळी कामावर होते. सही होईल, म्हणाले, दोन-तीन दिवसांत.

त्या दिवशी दहा वाजता रेडिओचं दार उघडलं आणि आधी डॉक्टर रावानाल आत आले. इतक्या वर्षांत प्रथम. एकशे बारा पायऱ्यांनी त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मागून एर्सिरा, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

डॉन नोल्बेर्तो उभे राहिले. "कागद आणलाय?"

"त्रेचाळीस," एर्सिरा म्हणाली.

"काय त्रेचाळीस?"

"घरं. तेनकुएवर त्रेचाळीस घरं आहेत. त्रेचाळीस खासगी निरोप. माझ्याकडून प्रत्येकाला, नावानिशी. 'सगळ्यांना' हा शब्द कुठेही नाही. बघून घ्या."

डॉन नोल्बेर्तो चिठ्ठ्या उलटू लागले. वरची सगळी जागा नावांनी भरलेली, खाली कोरी. "आत काहीच लिहिलेलं नाही यात."

"ते तुम्ही दोघांनी सांगायचं. मी मध्ये बसणार नाही आता. इथे, समोरासमोर."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आमचे मालक. दोघे एकमेकांकडे न बघता एर्सिराच्या पेन्सिलीकडे बघत होते.

"'तिसऱ्या आणि शिणाणे काढू नका, खाऊ नका,'" ती म्हणाली. "डॉक्टर, यात खोटं काही आहे?"

"खोटं नाही. पण अपुरं आहे."

"काय अपुरं आहे?"

"मासा सुरक्षित आहे. खेकड्याचं मला माहीत नाही. पश्चिमेच्या किनाऱ्याचंही नाही, तिथला नमुना अजून नाही."

"मग 'माहीत नाही' असंच लिहिते."

"शास्त्रज्ञ 'माहीत नाही' म्हणतो हे रेडिओवर सांगायचं?" डॉन नोल्बेर्तो म्हणाले. "लोक हसतील, बाई."

"हसू दे," डॉक्टर एकदम म्हणाले, आणि प्रथमच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "मला माहीत नाही, हे खरं आहे. तुम्ही ते वाचाल? तसंच?"

डॉन नोल्बेर्तोंनी चष्मा काढला, पुसला. "वाचीन. पण 'जोखीम' नको. 'मराल' लिहा."

"'मरू शकता,'" डॉक्टर म्हणाले.

"ठीक. 'मरू शकता.'"

दोघांचं हे एवढंच जमलं, आणि त्याला अडीच तास लागले. परवान्याचं काय, हे कोणी बोललं नाही. एकला एक मिनिट असताना डॉन नोल्बेर्तो खुर्चीवरून उठले आणि एर्सिराला म्हणाले, "बस. तुझे निरोप आहेत."

तिने त्रेचाळीस वाचले. प्रत्येक नाव, मग तीच पाच वाक्यं, पहिल्यापासून. विसाव्याला तिचा घसा बसला, तिने पाणी प्यायलं. एकतिसावं नाव तिने वाचलं: "तेनकुएच्या फिदेलिया गिनेओ यांना, एर्सिरा चिगुआयकडून." आणि थांबली. काचेअलीकडून मला तिचा फक्त वरचा ओठ दिसत होता. मग तिने ती पाच वाक्यं वाचली, इतरांना वाचली तशीच. सव्वा तास लागला. मी बटणावरचं बोट उचललं तेव्हा ते आखडलं होतं.

त्या खेपेला तेनकुएवर कोणी आजारी पडलं नाही. परवाना गेला नाही. शहरातून एक कडक पत्र आलं, ते डॉन नोल्बेर्तोंनी चुलीत घातलं.

चार दिवसांनी बोट आली आणि बेटावरून उत्तरांच्या चिठ्ठ्या आल्या. निरोपाला उत्तर द्यायचं असतं. बेचाळीस घरांनी बहुतेक एकच लिहिलं होतं: 'मिळाला, आभार.' कोणी वर 'ओठ सांभाळून आहोत' अशी थट्टाही केली होती. डॉन नोल्बेर्तो गठ्ठ्यातून एकेक वाचत गेले, मध्ये न थांबता, कारण ते आधी वाचून बघत नसत. खाली प्रयोगशाळेत एर्सिरा आणि डॉक्टर रेडिओ लावून बसले होते, हे मला माहीत होतं.

"पुएर्तो अल्कायच्या एर्सिरा चिगुआय यांना, तेनकुएच्या फिदेलिया गिनेओकडून," डॉन नोल्बेर्तोंनी वाचलं. "निरोप मिळाला. एप्रिलमधलाही ऐकला होता, मी आणि दालमिरोने, जेवताना. पण तो आमच्या नावाचा नव्हता."

त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. माझं बोट बटणावर होतं, दाबलं असतं तर गाणं लागलं असतं. पण आमच्याकडे प्रत्येक निरोप दोनदा वाचतात, वाऱ्याने पहिला गेला असेल म्हणून. मी बटण दाबलं नाही. डॉन नोल्बेर्तोंनी चिठ्ठी पुन्हा डोळ्यांसमोर धरली आणि पहिल्या नावापासून दुसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली.